हिंगण्याची टेकडी आणि खेड्यातील पाटी

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगू लागले की वक्ता मोरया गोसावींपासून आरंभ करतो, चापेकर बंधूंना वंदन करतो, १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपाशी क्षणभर थांबतो आणि चाकणच्या मोटारींवर येऊन पोहोचतो. शाळामास्तर या कथेत कोठे येत नाही. वस्तुतः कारखान्यात यंत्रावरची सूचना वाचणारा जो कामगार, त्याला वाचावयास कोणीतरी शिकविलेले असते. आणि त्या कोणाला तरी, कसे शिकवावे हे आणखी कोणीतरी शिकविलेले असते. या दुसऱ्या 'कोणीतरी'चा शोध घ्यावयाचा तर आम्हांस चिंचवडहून थोडे दक्षिणेस, हिंगण्यास जावे लागते.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. प्लेगमुळे तो १९०० साली हिंगण्याच्या माळावर गेला. फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे तास आटोपून अण्णासाहेब पायी हिंगण्यास जात, हे आपण शाळेतच ऐकलेले असते. त्या पायपिटीचे कौतुक फार झाले. तिच्या टोकाशी असलेल्या वर्गाकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. आश्रमात येणाऱ्या कित्येक विधवांना अक्षरओळखसुद्धा नसे. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचेच उदाहरण घ्या. वैधव्यानंतर त्या पाटीपासून शिकल्या आणि पुढे आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. पाचव्या वर्षी वाचावयास शिकलेल्या माणसाला ते कसे आले हे आठवत नाही. 'क' ला वेलांटी दिली की जीभ कोठे अडते, 'र' जोडाक्षरात शिरला की वेष पालटून कसा बसतो, हे वयात आल्यावर शिकलेल्या बाईला चांगले ठाऊक असते. शिक्षिका म्हणून तिची हीच पुंजी. आमच्या मते हिंगण्याचे खरे भांडवल देणग्यांत नव्हते, ते येथे होते.

१९०७ साली तेथे महिला विद्यालय निघाले. पुढे जपानातील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कर्व्यांच्या हाती पडली आणि १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ उभे राहिले. बहुतेक विद्यापीठे वरून खाली बांधली जातात: आधी सनद, मग इमारत, मग शाळांना हुकूम. येथे शाळा आधी होती. विद्यालयातील मुलींना पुढे कोठे जावयाचे, या प्रश्नातून विद्यापीठ निघाले, आणि शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले तेही याच न्यायाने. लवकरच प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापिकाशाळा निघाली. शिकविण्याचे शास्त्र वर आणि मुलांचा वर्ग खाली, अशी दोन ठिकाणे निदान त्या काळी फार दूर नव्हती.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले, त्याची वाढ झाली, आणि १९३६ साली त्याचे ठाणे मुंबईस गेले. ते योग्यच होते. संस्थेला मोठे व्हावयाचे तर माळ सोडावा लागतो. पण त्याच १९३६ साली अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कर्व्यांनी काय केले? जिल्हा लोकलबोर्डाची शाळा नाही अशा खेड्यांत शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. पुन्हा झोळी, पुन्हा लहान लहान वर्गण्या. शाळा सोडल्यावर खेड्यातील माणसाचे वाचन सुटू नये, हीही त्यांची खटपट होती. विद्यापीठ शहराकडे निघाले तेव्हा त्याचा संस्थापक उलट दिशेने चालू लागला. याला कोणी म्हाताऱ्याचा छंद म्हणेल. आम्हांला तो हिशेब पुरा करण्याचा प्रयत्न वाटतो. गणिताचा अध्यापक बाकी शिल्लक ठेवीत नाही.

ही बाकी आज आपल्या दारात आहे. पिंपरी-चिंचवडची अध्यापक महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. सावित्रीबाईंनी स्वतः नगरला मिस फरार यांच्याकडे व पुण्याच्या नॉर्मल स्कुलात अध्यापनाचे धडे घेतले होते. २०१५ पासून बी.एड.चा क्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यातील कित्येक आठवडे भावी शिक्षकाने शाळेतच काढावे असे ठरले. म्हणजे विद्यापीठ आणि हायस्कूल यांची गाठ कागदावर तरी पुन्हा पडली.

आता भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या हायस्कूलचा नववीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. कोणाचे घर मराठवाड्यातले, कोणाचे बिहारातले. विज्ञानाचा धडा एक मुलगा घडाघडा वाचतो, आणि काय वाचले असे विचारताच खाली बघतो. विज्ञानाचा शिक्षक म्हणतो, वाचन हे प्राथमिकवाल्यांचे काम. प्राथमिकवाला पटाकडे बोट दाखवितो. मागच्या बाकावर बी.एड.चा विद्यार्थी पाठाचे टाचण मांडीवर घेऊन बसलेला असतो. त्याच्या टाचणात 'उद्दिष्टे' आहेत, 'साहित्य' आहे, 'मूल्यमापन' आहे. त्या मुलाशेजारी बसून, एकेका वाक्यापाशी थांबून, नेमके काय अडले हे पाहण्यासाठी मात्र त्यात रकाना नाही.