स्टेनलेस स्टील : घरगुती स्वच्छता व निगा

सिंक, ओटा, मांडणी, डबे, भांडी, फ्रिजचे दरवाजे अशा घरगुती वस्तूंच्या स्टेनलेस स्टीलच्या (अगंज पोलादाच्या) पृष्ठभागांची सफाई व देखभाल.

गंजरोधक थर : या पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा, काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. तोच गंज रोखतो. ओरखडा पडला तरी हवा लागताच हा थर पुन्हा धरतो. मात्र पृष्ठभाग स्वच्छ व कोरडा हवा. सर्व निगा या थरासाठीच असते.

प्रकार : चांगली भांडी व सिंक बहुधा ३०४ प्रतीच्या पोलादाची असतात. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ४३० प्रतीत निकेल जवळजवळ नसते. तिला लोहचुंबक चिकटतो. ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत ती अधिक टिकते.

डाग व उपाय : रोजच्या सफाईला भांड्यांचा साबण, मऊ घासणी व पाणी पुरते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने किंवा लिंबाने निघतात. नंतर पृष्ठभाग धुऊन पुसावा. करपलेल्या भांड्यात पाणी व खाण्याचा सोडा घालून उकळी काढली की खरपुडी सुटते. आचेमुळे पातेल्याच्या बुडाला येणारी निळी-पिवळी झाक म्हणजे जाड झालेला ऑक्साइडचा थर. ती अपायकारक नसते. रेघांची झिलई असलेले पृष्ठभाग रेघांच्या दिशेने पुसावेत.

काय टाळावे : क्लोराइड हा या थराचा मुख्य शत्रू. मीठ, ब्लीचिंग पावडर व फरशी धुण्याचे ॲसिड यांमुळे बारीक खड्डे पडतात आणि ते बुजत नाहीत. पाणी थंड असताना घातलेले मीठ न विरघळता तळाशी बसते व तिथेच टिंबे उमटतात. म्हणून मीठ उकळी आल्यावर घालून ढवळावे. लोणचे किंवा खारवलेले पदार्थ स्टीलच्या डब्यात फार दिवस ठेवू नयेत. लोखंडी तारेची ओली घासणी रात्रभर सिंकमध्ये राहिली, तर सकाळी तिच्याखाली तांबूस वर्तुळ दिसते. हा गंज बहुधा घासणीचा असतो आणि सोड्याच्या लेपाने निघतो. डाग गेल्यावर नखाला खळगा लागला, तर मात्र पोलादच खाल्ले गेले असे समजावे. ब्लीच व व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

महागड्या पॉलिशपेक्षा रोज धुऊन कोरड्या फडक्याने पुसणे अधिक उपयोगी ठरते.