स्थूलता आणि स्नायूंचे आरोग्य

प्रौढ व्यक्तीच्या वजनात हाडांशी जोडलेल्या स्नायूंचा वाटा साधारणतः ४० टक्के असतो. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा भाग हेच स्नायू शोषून घेतात. त्यामुळे स्थूलतेचा विचार केवळ चरबीपुरता मर्यादित ठेवता येत नाही.

प्रथिनांची घडण

स्नायूंतील प्रथिने सतत मोडत आणि नव्याने घडत असतात. आहारातील अमिनो आम्ले, विशेषतः ल्युसिन, या घडणीस चालना देतात, तर इन्सुलिन मोडतोडीस आळा घालते. स्थूलतेत स्नायूपेशींमध्येही मेद साठू लागतो. त्यापासून तयार होणारे सिरामाइडसारखे पदार्थ इन्सुलिनच्या संदेशवहनात अडथळा आणतात. वाढलेल्या मेदपेशींतून स्रवणारी द्रव्ये शरीरात सौम्य पण दीर्घकालीन दाह निर्माण करतात.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रथिनयुक्त आहारानंतर स्थूल तरुणांच्या स्नायूंमधील प्रथिननिर्मिती सामान्य वजनाच्या तरुणांपेक्षा कमी वाढल्याचे आढळले. सर्वच अभ्यासांत मात्र हा फरक दिसून आलेला नाही.

ऊर्जानिर्मिती

पेशीतील तंतुकणिका मेद व शर्करा यांचे ज्वलन करून एटीपी या रूपात ऊर्जा उपलब्ध करून देतात. स्थूल व्यक्ती आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे रुग्ण यांच्या स्नायूंतील तंतुकणिका आकाराने लहान व कमी कार्यक्षम असल्याचे पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये दाखविले. हा बिघाड स्थूलतेचे कारण आहे की परिणाम, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

भारतीयांसाठी महत्त्व

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. वजनाच्या मानाने भारतीयांमध्ये मेद अधिक व स्नायू कमी असू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणूनच भारतीयांसाठी २३ हाच निर्देशांक जादा वजनाची सुरुवात मानला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के महिला व सुमारे २३ टक्के पुरुषांचा निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक होता.

उपाय

केवळ उपाशी राहून वजन घटविल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात. चालण्यासारख्या व्यायामाने तंतुकणिकांची संख्या व क्षमता वाढते, तर उठाबशा, जोर किंवा वजन उचलण्याने स्नायू टिकून राहतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी व मासे यांतून ही गरज भागविता येते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र आहारातील प्रथिने वाढविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे.