चिंगहे, सकाळी ७:५३

क्रेन बसवताना. ईशान्य चीनमधला ल्याओनिंग प्रांत, थिएलिंग शहराचा चिंगहे विभाग. खास दर्जाचं पोलाद बनवणारा कारखाना. शेडच्या दोन्ही अंगांच्या खांबांवर गर्डर, गर्डरांवर रूळ आणि रुळांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी क्रेन. रूळ एकदा टाकले की वितळलेलं पोलाद कुठून कुठे जाणार ते ठरून जातं. त्या वाटेशेजारी माणसांनी कुठे बसायचं, हे ठरवणं नंतरही हातात राहतं.

खरेदी. वितळलेला धातू नेणारी क्रेन वेगळी बनवावी लागते, कारण तिचा भार निसटला तर तो पडून थांबत नाही, पसरतो. इथे घेतली ती साधी, ८० टनांची. ज्या कारखान्यानं ती बनवली, त्याच्याकडे एवढ्या क्षमतेची क्रेन बनवण्याचा परवाना नव्हता. भार उचलायला ती पुरेशी होती. उचललेला भार धरून ठेवणं हे ब्रेकचं काम. वितळलेला धातू नेणाऱ्या क्रेनच्या प्रत्येक स्वतंत्र ड्राइव्हला दोन ब्रेक हवेत.

तपासणी. नियमाप्रमाणे तपासणी न करताच क्रेनला योग्यतेचा दाखला मिळाला. कागद फाइलला लागला आणि क्रेन चालू राहिली.

खोली. व्हॅक्यूम भट्टीच्या फलाटाखाली अवजारं ठेवायला एक खोली बांधली गेली. तिथे बांधकाम करायलाच परवानगी नव्हती. पुढे पाळी सुरू होण्याआधीची बैठक याच खोलीत भरू लागली. साच्यांमध्ये पोलाद ओतायची जागा तिथून पाच मीटरवर. मोठ्या माणसाची सात-आठ पावलं. बैठक एखाद दिवस नाइलाजानं तिथे भरली असं नव्हतं, तो रोजचा परिपाठ होता. इथे पुढे झालेल्या दुर्घटनेत मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हेच. क्रेनचे दोष शोधायला माहीतगार लागतो. पाच मीटर कुणालाही दिसतात.

त्या काळात, रोज. क्रेनच्या कंट्रोल सर्किटमधल्या एका लहानशा संपर्काला गंज चढतो आहे. तो जुळलेला आहे तोवर मोटरला वीज मिळते. दोर पक्का धरणाऱ्या पट्टीचे बोल्ट सैल आहेत. शेडमध्ये सामान अस्ताव्यस्त पडलेलं, वावरायला जागा अपुरी, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटा नियमात न बसणाऱ्या. यातल्या कशानंही आजवर काम थांबलेलं नाही.

१८ एप्रिल २००७, बुधवार. पाळीबदलाची वेळ. कामगार खोलीत जमतात. अशा बैठकीत दिवसाच्या कामाची वाटणी होते, आणि काय जपायचं तेही याच वेळी सांगतात.

७:४५. पहिल्या बातम्यांनी दुर्घटनेची वेळ हीच दिली होती. चौकशी अहवालात ती ७:५३ आहे. अहवालाचं घड्याळ धरलं तर अजून आठ मिनिटं आहेत. खोली रिकामी करायला एक मिनिट पुरलं असतं.

७:५३ च्या अलीकडे. लॅडल, म्हणजे वितळलेलं पोलाद नेणारं भांडं, हुकावर आहे. आत सुमारे ३० टन पोलाद, तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास. वजन मोठं वाटतं, पण पोलाद जड असल्यामुळे त्याचं आकारमान जेमतेम सव्वाचार हजार लिटर, म्हणजे पाण्याच्या छोट्या टँकरएवढं. लॅडल साचे ठेवलेल्या गाडीच्या वर येतं आणि हूक खाली येऊ लागतो. अंतर उरलं आहे दोन ते तीन मीटर.

७:५३. गंजलेला संपर्क तुटतो आणि मोटरची वीज जाते. वीज गेली की ब्रेकनं आपोआप आवळायचं असतं, सगळी भिस्त त्याच्यावर. पण इथल्या विद्युतरचनेतच दोष आहे. ब्रेक आपोआप लागत नाही. तो जे काही अडवतो ते फार थोडं. त्याची ताकद गरजेपेक्षा कितीतरी कमी आहे.

पुढचा क्षण. मोकळी सुटलेली वस्तू तीन मीटर खाली यायला पाऊण सेकंदाच्या आसपास घेते. लॅडलला किती वेळ लागला, याची नोंद असणं शक्य नाही. ते गाडीवर आदळतं, जमिनीवर पडतं आणि खोलीच्या दिशेनं कलंडतं.

त्यानंतर. पोलाद पाच मीटर ओलांडून खोलीत शिरतं. बैठक सुरू आहे.

मृत्यू ३२. जखमी सहा, ते भट्टीपुढे काम करत होते. चौकशीनं नोंदवलेल्या थेट कारणांत रूळ नाहीत, गर्डरही नाहीत. बैठकीची चुकीची जागा आहे.

सकाळीच, थोड्या वेळानं. बचावाला माणसं येऊन पोहोचतात. आतली धग एवढी आहे की त्यांना खोलीजवळ जाता येत नाही. ती बाहेर थांबतात.