रुंदावलेल्या रोहिणीचे नाव

‘ॲन्युरिझम’ हा शब्द कानी पडला की त्यात आपल्याला ‘न्यूरो’ ऐकू येते आणि हा मज्जातंतूंचा विकार असावा असे वाटते. मेंदूतील रोहिण्यांनाही तो होत असल्याने हा ग्रह अधिकच पक्का होतो. परंतु शब्दाचे कूळ वेगळे आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘अनेउरुस्मा’, म्हणजे रुंदावलेला भाग. त्यातील ‘एउरुस’ म्हणजे रुंद. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाला संस्कृतातील ‘उरु’ शब्दाचा सगोत्र मानतात. विष्णूच्या ‘उरुक्रम’ या नावात तोच ‘उरु’ आहे. मांडी या अर्थाचा दीर्घ ‘ऊरु’ मात्र निराळा.

अर्थही नावाप्रमाणेच आहे. रोहिणीची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी होते आणि आतील रक्ताच्या दाबाने फुगते. मूळ व्यासाच्या सुमारे दीडपट झाली, की तिला हे नाव देतात.

दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याने हा फुगवटा ओळखण्याची खूण सांगितली: तो नाडीबरोबर उडतो आणि दाबला की ओसरतो. त्या काळी रक्तमोक्षण करताना कोपराजवळची रोहिणी चुकून छेदली जाई आणि तेथे असा फुगवटा येई. तो गळू समजून शस्त्र लावले, तर रोगी रक्तस्रावाने दगावण्याचे भय. नाव बरोबर ठेवण्यावर जीव अवलंबून होता, तो असा. अँटिलस या ग्रीक शल्यवैद्याने फुगवट्याच्या वर आणि खाली रोहिणी बांधून मग तो उघडण्याची रीत घालून दिली. पुढे १७८५ साली लंडनमध्ये जॉन हंटर याने एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील फुगवट्याला हात न लावता वर मांडीत, निरोगी भागात, रोहिणी बांधली. पाय कापावा लागला नाही.

आपण घरी सरसकट ‘नस फुगली’ म्हणतो. पण आपली ‘नस’ रोहिणीही असते, नीलाही असते आणि मज्जातंतूही. पायावर दिसणाऱ्या फुगलेल्या निळ्या नसा या नीला. त्यांचा विकार वेगळा आणि उपायही वेगळा. मराठी परिभाषेतील ‘रोहिणीविस्फार’ हा शब्द जड वाटला, तरी काय रुंदावले आहे हे तो नेमके सांगतो. गेलेनच्या काळी जे महत्त्वाचे होते, ते आजही तेच आहे.