1937 : कुलाब्यातलं मतदान

पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. 1937 साली मुंबई असेंब्लीची निवडणूक झाली. 175 जागा, त्यात पुणे कराराच्या राखीव 15. पण मत सगळ्यांना कुठं होतं? सारा भरणारा, भाडं भरणारा, शिकलेला, तोच मतदार. खोताच्या दारात वेठ करणारा बिनजमिनीचा माणूस यादीबाहेरच.

1935 ला युगोस्लाव्हियाच्या राज्यात सर्ब, क्रोट, स्लोव्हेन अधिकाऱ्यासमोर तोंडानं नाव सांगून मत देत होते. सरकारी यादीला शेकडा 60 मतं, अन् जागा 370 पैकी 303! खोतासमोर उभं राहून मत सांगणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजवायला नको.

इथं मत गुप्त होतं. शिवाय आपल्या इलाख्यात एक सोय होती : मतदारसंघात जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. आपली मतं थोडी. विखुरली असती तर मेलीच. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष जेमतेम सहा महिन्यांचा. 17 उभे केले, 14 आले. मुंबईत बाबासाहेबांसमोर काँग्रेसनं क्रिकेटवीर पी. बाळूंना उभं केलं. आपलाच माणूस आपल्यावर! ते पडले. कुलाब्यातून महाडचे सुरबानाना टिपणीस आले, तेही सर्वसाधारण जागेवर.

17 सप्टेंबर 1937 ला बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. काँग्रेस सरकारनं ते पुढं सरकू दिलं नाही. 10 जानेवारी 1938 ला कोकणातली कुळं मुंबईत असेंब्लीवर चालून गेली. खोती कायद्यानं गेली ती 1949 ला.