जावकेच्या वाटेने आवक

आमच्या बँकेत टपालाच्या दोन वह्या आहेत. एकीवर ‘आवक’, दुसरीवर ‘जावक’. आवकेचं पत्र चुकून जावकेत चढलं, की अकाउंटंटसाहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरतो. एकोणीस वर्षं या शिस्तीत मुरलेल्या माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाचं पावसाशी जमणं शक्यच नाही. पावसाला खिडकी कळत नाही. धुराने बाहेर जायच्या वाटेने तो खुशाल आत येतो.

हे ज्ञान मला कसबा पेठेतल्या आमच्या वाड्यात झालं. न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी, पुढे तोटी. धुराने आईचे डोळे चुरचुरत, म्हणून दादांनी नळीवर पत्र्याचा पाइप चढवून तो छपराबाहेर काढला. धूर गेला आणि जुलै आला. पहाटे पेटवलेले ढलपे ‘चुर्र’ करून विझायचे. जाळीतून राखेचा काळा काढा फरशीवर ओघळायचा आणि दादा अंगाला साबण फासून, ‘पाणी तापलं का?’ म्हणून गर्जत उभे असायचे.

मला वाटायचं, ही अडचण आमच्याच घराण्याची. पुढे वाचनात आलं, की या एका भोकापायी अख्खं इंग्लंड काही शतकं बेजार होतं. केंट परगण्यात पेन्सहर्स्ट प्लेस नावाचा वाडा आहे. त्याचा मोठा दिवाणखाना 1341 सालचा. चूल कुठे, तर जमिनीच्या मधोमध! ती जागा आजही दाखवतात. धूर आढ्याकडे जायचा आणि छपरातल्या भोकातून बाहेर पडायचा. भोक उघडं ठेवावं तर पाऊस थेट चुलीत, बुजवावं तर पाहुण्यांची धुरी. म्हणून अशा छपरांवर तिरप्या फळ्यांचे मनोरे आले. मग हळूहळू चूल भिंतीला गेली, तिच्यावर विटांचं धुराडं चढलं, आणि साहेब जरा कोरडा झाला.

तोच 1662 साली सरकारने चुलींवर कर बसवला. दर चुलीला वर्षाला दोन शिलिंग, दोन हप्त्यांत. चुली मोजायला माणसं घरात शिरू लागली. म्हणजे धूर जायचा त्या वाटेने आधी पाऊस आत येत होता, आता सरकारही आलं! कर चुकवायची कला तेव्हाही अवगत होती. ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल गावी पाव भाजणाऱ्या एका बाईंनी स्वतःचं धुराडं वाचवायला भिंतीला भोक पाडून शेजाऱ्याच्या धुराड्यात धूर सोडला, असं सांगतात. 1684 साली आग लागली. वीस घरं जळाली, चार माणसं गेली. बचत दोन शिलिंग. हा ताळेबंद कुठलाही ऑडिटर पास करणार नाही. 1689 साली कर रद्द झाला.

पण धुराड्याशिवायच भागवायचं, ही हौस काही गेली नाही. 1868 साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थांनी गॅसवर झटपट पाणी तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. आइसलंडमधल्या उसळत्या गरम झऱ्यावरून नाव ठेवलं ‘गीझर’. आपल्या न्हाणीघरातला गीझर तो हाच शब्द. यंत्र नामी होतं. फक्त जळलेला वायू बाहेर न्यायला नळीच नव्हती. पाऊस आत यायची सोय नाही आणि विष बाहेर जायचीही नाही!

या मॉनसाहेबांना मी हसत नाही. कारण मीही तेच केलंय.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका पावसाळी रात्री छपरावर चढून मी पाइपाच्या तोंडावर डालड्याचा रिकामा डबा पालथा घातला. सकाळी बंब कसाबसा धुमसला. दादांची अंघोळ झाली, ढलप्यांचे निखारे झाले, धूर दिसेना. मी विजयी मुद्रेने चहा घेत बसलो. आई न्हाणीघरात गेली. बराच वेळ झाला. हाका मारल्या, ओ नाही. दादांनी कडी उचकटली. आई भिंतीला टेकून बसली होती. “डोकं जड झालंय रे,” एवढंच म्हणाली. कोंडलेल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डॉक्टर म्हणाले, “दहा मिनिटं उशीर झाला असता तर...” पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी अजूनही करत नाही.

दुपारी आळीतला म्हातारा तांबट आला. त्याने डबा काढून माझ्या हातात दिला आणि पाइपावर तीन पायांची, चार बोटं वर उचललेली टोपी बसवली. “बाळासाहेब, पाणी आलं तर बंब विझंल. हवा कोंडली तर माणूस विझंल.” एवढं बोलून त्याने मजुरी मागितली. मी त्या दिवशी घासाघीस केली नाही.

गंमत म्हणजे साहेबही अखेर तांबटाच्याच मताला आला. इंग्लंडात 2005 पासून घरगुती गॅसचे नवे बॉयलर बहुतेक कंडेन्सिंग जातीचे लावावे लागतात. त्यांत जळलेला वायू इतका निववतात, की त्यातल्या वाफेचं पाणी होतं. ते परत यावं म्हणून बाहेरचा पाइप मुद्दामच आतल्या बाजूला उतरता बसवतात. पाणी सापळ्यातून गटारात जातं. वाऱ्याने शिरलेला थोडाफार पाऊसही त्याच वाटेने जातो. सापळा तुंबला तर बॉयलर बंद पडतो, पण घरातली माणसं शाबूत राहतात. एवढ्या शतकांनी साहेबाला कळलं, की आवक थांबत नाही. तिच्यासाठी वेगळी जावक ठेवावी.

वाडा गेला, आम्ही फ्लॅटमध्ये आलो. बंब आईने टाकू दिला नाही. तो दारामागे लख्ख घासून उभा आहे आणि मधल्या नळीत घरातल्या छत्र्या असतात. पावसाळ्यात त्या टपटप गळतात. पाऊस अजूनही नळीतूनच आत येतो. जाळीखाली आईने एक जुनी परात ठेवलीय. ती रोज ओतून टाकणं हे माझं काम. जावक माझ्याकडे आहे.