चार मैलांवरचे स्वातंत्र्य : ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांची कहाणी

१/
१३ ऑगस्ट १९७२. मध्यरात्र उलटलेली, रावळपिंडीवर वादळी पाऊस. पाकिस्तानी हवाई दलाच्या युद्धकैदी छावणीतील एका कोठडीच्या भिंतीला पडलेल्या भोकातून तीन भारतीय वैमानिक बाहेर सरकले. त्यांचा म्होरक्या होता फ्लाइट लेफ्टनंट दिलीप कमलाकर परुळकर. आजचा धागा या मराठी वैमानिकाविषयी.

२/
परुळकर मार्च १९६३ मध्ये भारतीय हवाई दलात दाखल झाले. दोनच वर्षांत १९६५ चे युद्ध उभे राहिले. एका मोहिमेत शत्रूच्या गोळीबाराने त्यांचे विमान जायबंदी झाले आणि त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. नेतृत्व करणाऱ्या वैमानिकाने विमान सोडून उडी घेण्याचा सल्ला दिला. परुळकरांनी ते विमान तशाच अवस्थेत तळावर आणून उतरवले. या कामगिरीबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

३/
१९७१ च्या युद्धात ते २६ व्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ उडवीत होते. जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करणारे हे विमान खाली उतरून मारा करी, आणि म्हणूनच विमानविरोधी तोफांच्या टप्प्यात येई. १० डिसेंबर रोजी झफरवाल परिसरातील हल्ल्यात परुळकरांचे विमान पडले. पॅराशूटने उतरताच ते कैद झाले. पकडलो गेलो तर पळून येईन, असे ते सहकाऱ्यांना फार आधीपासून सांगत असत.

४/
रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाचे बारा अधिकारी एकत्र आले. युद्ध १७ डिसेंबरला थांबले होते. युद्धकैद्यांविषयीचा १९४९ चा जिनिव्हा करार सांगतो की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब मुक्त करावे. तरीही महिने उलटत राहिले. भारताच्या ताब्यात सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी होते आणि त्यांचा प्रश्न बांगलादेशाच्या मान्यतेशी गुंतला होता. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, पण कैद्यांच्या परतीची तारीख त्यातून निघाली नाही.

५/
येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो त्या कोठड्यांतही उभा राहिला होता. सुटका आज ना उद्या होणारच असेल, तर पळण्याचा धोका का पत्करावा? पळणारे मारले गेले तर? मागे राहिलेल्यांवर सूड उगवला गेला तर? सर्वांचे मत एक नव्हते. ज्येष्ठ अधिकारी विंग कमांडर कोएलो यांनीही फारशा उत्साहाने संमती दिली नाही. परुळकरांचा विचार मात्र ठाम होता. सुटकेची तारीख कोणाच्याच हाती नसताना वाट पाहत बसणे त्यांना सैनिकाला साजेसे वाटत नव्हते.

६/
त्यांच्याबरोबर निघण्यास दोघे तयार झाले : मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. सुरी, कात्री, स्क्रूड्रायव्हर अशा किरकोळ वस्तूंनी विटांच्या सांध्यांतला चुना कोरण्याचे काम सुरू झाले. निघालेला मलबा रेड क्रॉसच्या खोक्यांत भरून खाटांखाली दडवला जाई. बाहेरच्या अंगाचा गिलावा शेवटच्या रात्रीपर्यंत शाबूत ठेवायचा होता.

७/
बाकीचे कैदीही कामाला लागले. दोन्ही पाय मोडलेले स्क्वाड्रन लीडर कामत यांनी शिवणाची सुई चुंबकीय करून होकायंत्र बनवले. नकाशा मिळाला तो शालेय नकाशासंग्रहातून. वैमानिकाच्या पायांभोवती आवळणाऱ्या जी-सूटपासून पाण्याची पिशवी तयार झाली. कैद्यांना मिळणाऱ्या मासिक भत्त्यातून वाटखर्च साठवला गेला. बारा जणांपैकी तिघेच निघणार होते, पण तयारी सर्वांची होती.

८/
निघायची रात्र शनिवारची होती. पावसाने पहारेकरी अंग आखडून बसला होता. तिघे भिंत ओलांडून रस्त्यावर आले आणि रात्रीचा चित्रपट सुटून घरी चाललेल्या गर्दीत मिसळले. तेथून बसने पेशावर. भारताची सीमा जवळ असूनही त्यांनी उलट दिशा धरली होती, कारण त्या सीमेवर सैन्य आणि सुरुंग होते. अफगाणिस्तानची वाट खैबर खिंडीतून उघडी होती. जमरूदमार्गे ते सकाळी लंडी कोतलला पोहोचले. तोरखमची सीमा आता जेमतेम चार-पाच मैलांवर होती.

९/
आणि तेथे त्यांना नकाशाने दगा दिला. त्यावर लंडी कोतलच्या पुढे 'लंडी खाना' हे रेल्वेचे शेवटचे स्थानक होते. ब्रिटिशांनी खैबर रेल्वे १९२५ मध्ये लंडी कोतलपर्यंत आणि १९२६ मध्ये लंडी खान्यापर्यंत नेली खरी, पण १९३२ मध्ये हा शेवटचा तुकडा बंद झाला. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्थानकाचा रस्ता विचारणारे तीन अनोळखी तरुण! तहसीलदाराच्या कचेरीतील एका कारकुनाला संशय आला. त्या काळी पाकिस्तानात अडकलेले अनेक बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते. हे त्यांच्यातलेच असावेत, असे त्याला वाटले.

१०/
तिघांना तहसीलदारापुढे उभे केले गेले. आपण पाकिस्तानी हवाई दलातले आहोत, ही बतावणी फार टिकणारी नव्हती. त्या मुलखात हेर ठरणे म्हणजे प्राणाशी गाठ. परुळकरांना एक नाव आठवले : स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. छावणीचे हे माजी प्रमुख कैद्यांशी माणुसकीने वागत आणि आता ते पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी होते. परुळकरांनी त्यांना फोन लावायला सांगितले. पलीकडून उस्मान यांनी तिघांना ओळखले आणि त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही याची व्यवस्था केली. ज्या सैन्याच्या कैदेतून ते पळाले होते, त्याच सैन्यातील एका अधिकाऱ्याने त्यांचे प्राण वाचवले.

११/
शिक्षा एकांतवासाची झाली. फसलेल्या पलायनासाठी कैद्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते, असे जिनिव्हा करारच सांगतो. पुढे भारतीय कैद्यांना लायलपूरला, म्हणजे आजच्या फैसलाबादला, हलवले गेले. राष्ट्राध्यक्ष भुट्टो यांनी मुक्ततेची घोषणा केली आणि १ डिसेंबर १९७२ रोजी सहाशेहून अधिक भारतीय कैदी वाघा येथून मायदेशी परतले. त्यांत परुळकर होते.

१२/
पुढली पंधरा वर्षे त्यांनी हवाई दलातच घालवली. हवाई दल अकादमीत ते प्रशिक्षक होते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांनी दोनदा छात्रांना घडवण्याचे काम केले. १९८३ मध्ये विशिष्ट सेवा पदक मिळाले. १९८७ मध्ये ग्रुप कॅप्टन या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले आणि पुण्यात स्थिरावले. फेथ जॉन्स्टन यांनी २०१३ मध्ये या पलायनावर पुस्तक लिहिले, २०१९ मध्ये चित्रपटही आला. १० ऑगस्ट २०२५ रोजी, पलायनाच्या त्रेपन्नाव्या स्मृतिदिनाला तीन दिवस उरले असताना, पुण्याजवळील राहत्या घरी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१३/
आता पुन्हा त्या प्रश्नाकडे वळू : सुटका होणारच होती, तर पळायचे कशाला? 'होणारच होती' हे आपण शेवट ठाऊक असल्यामुळे म्हणतो. ग्रेवाल ज्या ३२ व्या स्क्वाड्रनचे, त्याच स्क्वाड्रनमध्ये फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे होते. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोडवरील हल्ल्यात त्यांचे विमान पडले. १ डिसेंबरला वाघा ओलांडणाऱ्यांत ते नव्हते. भारत सरकारच्या लेखी जे ५४ सैनिक बेपत्ता राहिले, त्यांत त्यांचे नाव आहे. त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, यांनी दशकानुदशके त्यांचा शोध घेतला. १९८३ मध्ये कैद्यांच्या नातेवाइकांसमवेत त्या पाकिस्तानच्या तुरुंगापर्यंतही जाऊन आल्या. तांबे परतले नाहीत.

१४/
परुळकरांचे पलायन चार मैलांनी फसले. त्या चार मैलांची हळहळ वाटताना, ज्यांना भिंत कोरण्याची संधीही मिळाली की नाही हे कधीच कळले नाही, त्यांचीही आठवण ठेवू या. धागा समाप्त.